या हाताचं त्या हाताला

पहिले चौदा दिवस काहीच लावायचं नव्हतं.
मलम नाही, गोळी नाही,
ओटच्या पिठाची आंघोळ चालेल का, विचारलं,
तीही नाही.
जुनं औषध अंगातून पुरतं उतरू दे, नर्स बुकोला म्हणाली,
म्हणजे तुझं इसब आम्हाला जसं आहे तसं बघता येईल.

बघा म्हटलं.
एकतीस वर्षं झाकत आले होते ते:
जुलैतसुद्धा लांब बाह्या,
सलूनमध्ये काळे हातमोजे,
त्यांच्या आत दुसरे, सुती,
आणि त्यांच्या आत मी.
लोकांची डोकी धुऊन धुऊन
पेरापेरावर चिरा पडल्या.
हातावर पोट असलेल्या बाईचे
नेमके हातच बिघडावेत,
याला हसावं की काय करावं.

जाहिरात बसथांब्यावर लागली होती.
वय अठरा ते पंचावन्न, इसब मध्यम ते तीव्र.
मध्यम ते तीव्र!
अख्ख्या डंडीत माझ्याबद्दल इतकं नेमकं
कुणी कधी बोललं नव्हतं.
सात रात्री मुक्काम, नंतर अकरा फेऱ्या,
एक हजार आठशे चाळीस पौंड.
घरचा बॉयलर बंद पडून तीन आठवडे झाले होते.

एकवीस पानं, खाली सही: युफिमिया गाउ.
चौदाव्या पानावर लिहिलं होतं,
तुम्ही केव्हाही सोडून जाऊ शकता,
कारण सांगावं लागणार नाही.
हे वाक्य मी दोनदा वाचलं.
लग्नाच्या वेळी असं कुणी लिहून दिलं नव्हतं.

मग दोन नळ्या.
एक डाव्या हाताची, एक उजव्याची,
एकीत औषध, एकीत नुसताच चिकटा.
कुठल्या नळीत काय, ते ना मला ठाऊक,
ना बुकोलाला, ना डॉक्टर ऑगिल्वींना.
या हाताचं त्या हाताला कळू नये,
असं दान करणाऱ्यांना सांगतात.
मी तर पैसे घेत होते.

पलीकडच्या खाटेवर तादेउश.
मानेवर लाल पट्टा, हा त्याचा सातवा प्रयोग,
मुलीच्या दातांच्या तारांसाठी.
कातडीचे प्रयोग बरे, म्हणाला,
आतलं आपलं आपल्याकडे राहतं.
आणि दुपारभर पत्ते पिसत बसला,
खाजवू नये म्हणून.

रोज संध्याकाळी वही यायची.
खाज किती? शून्य ते दहा.
मी सहा वर्षांची असताना
आई रात्री माझ्या हातांवर बाबांचे मोजे चढवायची,
मनगटाशी रिबिनीनं बांधायची.
मग मी पोटऱ्या पलंगाच्या कडेवर घासायचे,
सकाळी चादरीला डाग,
आणि आई काही न बोलता चादर बदलायची.
ते दहा असावं.
सात लिहिलं.

सहाव्या रात्री चारला जाग आली.
खिडकीखाली टे नदी, पुलावर एकही गाडी नाही.
काय चुकलंय ते आधी कळेचना.
डावा हात गप्प होता.
इतका गप्प, की दुसऱ्या कुणाचा वाटला.
उजव्या हातानं त्याला शिवले,
ओळख नसलेल्या माणसाच्या खांद्याला शिवावं तसं,
आणि लगेच हात मागे घेतला.
वहीत काय लिहायचं याचाच विचार करत
उजाडेपर्यंत पडून राहिले.
एका आकड्याची जागा होती. हात दोन.

शेवटच्या फेरीला नळ्या परत घेतल्या.
वजन करून घेतल्या, ग्रॅममध्ये,
मी तळ पिळून काढला होता तरी.
हे मलम दुकानात कधी?
पाच वर्षं, बुकोला म्हणाली, आलंच तर.
एवढं लावून घेऊ नकोस मनाला.
मग आपण काय बोललो ते कळून
दोघीही हसलो.

पैसे आले, बॉयलर झाला.
कढत पाणी आलं, जे मला वर्ज्य आहे.

त्या उन्हाळ्यात मोजून सहा आठवडे
मी एकच बाही दुमडून हिंडले.
खुर्चीत मान मागे टाकून
मिसेस कथिल म्हणाल्या,
एकच हात उकडतो होय गं तुझा?
हो, म्हटलं,
आणि पाणी कोमट झालंय का
ते डाव्या हाताला विचारलं.